इंटरप्ट की पोलिंग? ड्रायव्हर सेट करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा गाळा आहे. कंट्रोल बोर्डांचं फर्मवेअर (बोर्डाच्या आतला प्रोग्राम) आणि त्यांचे लिनक्स ड्रायव्हर (उपकरणांशी बोलणारे प्रोग्राम) लिहिणं हा आमचा धंदा. शनिवारी ऐरोली, कोपरखैरणे, कळव्याहून डिप्लोमाची मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात, आणि आठवडाभर रबाळे-महापेच्या कारखान्यांतून व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनचे तिरके फोटो येत राहतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते एकदाचे इथे मांडले आहेत. पहिल्यापासून वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि थेट तिथे जा.

१. इंटरप्ट आणि पोलिंग यांत फरक काय? पुस्तकातली व्याख्या नको.

गॅसवर दोन भांडी आहेत. कुकर लावून तुम्ही निवांत पेपर वाचता, शिट्टी झाली की कळणारच असतं. दूध मात्र शिट्टी मारत नाही. दर मिनिटाला उठून डोकवावं लागतं, आणि एक फेरी चुकली की ओटा पुसत बसायचं. कुकर म्हणजे इंटरप्ट, दूध म्हणजे पोलिंग.

यंत्रात काय होतं? पोलिंगमध्ये ड्रायव्हर उपकरणाचं स्टेटस रजिस्टर (त्याची स्थिती सांगणारी छोटी जागा) पुन्हा पुन्हा वाचतो आणि ‘डेटा तयार’ सांगणारा बिट १ झाला का ते बघतो. इंटरप्टमध्ये उपकरण स्वतःच प्रोसेसरला खूण करतं. प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवतो, त्या उपकरणासाठी नेमलेलं फंक्शन चालवतो आणि परत येतो. या फंक्शनला हँडलर किंवा आयएसआर म्हणतात.

२. इंटरप्ट आला की चालू काम अर्धवट सुटतं. मग ते बिघडत नाही का?

नाही. प्रोसेसर चालू सूचना पूर्ण करतो, कुठून परत यायचं तो पत्ता स्टॅकवर (मेमरीतल्या राखीव जागेत) ठेवतो आणि मगच उडी मारतो. प्रोसेसरची बाकीची रजिस्टरं कोण जपतं हे चिपवर अवलंबून. कॉर्टेक्स-एम३ हा प्रोसेसर आठ रजिस्टरं स्वतःच स्टॅकवर ठेवतो आणि मेमरी अडली नाही तर १२ सायकलमध्ये हँडलरवर पोचतो. आर्डुइनो उनोवरचा एटमेगा३२८पी फक्त परतीचा पत्ता जपतो, उरलेलं काम कंपायलर करतो.

असेंब्लीत हँडलर लिहायची हौस असेल तर प्रोसेसरचं स्टेटस रजिस्टर (तुलनांचे निकाल ठेवणारं) जपायला विसरू नका. विसरलात तर मुख्य प्रोग्राममधली एखादी तुलना दिवसातून एकदा चुकते, आणि ती सापडेपर्यंत आठवडा जातो.

३. कॉलेजात शिकवलं की पोलिंग म्हणजे प्रोसेसरचा वेळ फुकट घालवणं. मग नेहमी इंटरप्टच लावायचा ना?

तोंडी परीक्षेत तेच उत्तर द्या, मार्क मिळतील. बोर्डावर मात्र तसं नसतं. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर १२ बिटांचं वाचन तयार करायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत घेतो. त्याला सेकंदाला एकदा विचारलं तर कोणाचा वेळ जातो? दुसऱ्या टोकाला दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड, तिथे इंटरप्टच प्रोसेसरला खाऊन टाकतो (प्रश्न १४). निवड हिशेबाने करायची, तो पुढच्या उत्तरात आहे.

४. हिशेब म्हणजे नेमका कोणता? एखादं उदाहरण आकड्यांनिशी सांगा.

दोन आकडे काढायचे. घटना सेकंदाला किती वेळा घडते, आणि घडल्यावर उपकरण किती वेळ थांबू शकतं. डेटा पुसला जायच्या आत ड्रायव्हर तिथे पोचला पाहिजे, एवढंच बघायचं.

सीरियल पोर्ट घ्या. ९६०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट), आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. स्टार्ट बिट धरून एका अक्षराला दहा बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं आणि एका अक्षराला साधारण १.०४ मिलिसेकंद. जुन्या ८२५० यूएआर्टमध्ये (सीरियल पोर्टच्या चिपमध्ये) एकच अक्षर मावायचं. तुमच्या लूपमध्ये एलसीडी ताजा करायला २० मिलिसेकंद जात असतील तर तेवढ्यात १९ अक्षरं येऊन गेली. इथे साधं पोलिंग चालणार नाही.

आता १,१५,२०० बॉड आणि १६५५०ए यूएआर्ट. सेकंदाला ११,५२० अक्षरं, एका अक्षराला ८७ मायक्रोसेकंद. अक्षरागणिक इंटरप्ट म्हटलं तर सेकंदाला साडेअकरा हजार इंटरप्ट. पण या चिपमध्ये १६ अक्षरांचा फिफो (आलेली अक्षरं क्रमाने साठवणारी रांग) आहे, आणि किती अक्षरं साठल्यावर इंटरप्ट मारायचा ते १, ४, ८ किंवा १४ यांतून निवडता येतं. १४ निवडलं तर इंटरप्ट सेकंदाला ८२३ वर येतात. दिसायला उत्तम, पण फिफोत जागा उरली दोनच अक्षरांची, म्हणजे १७४ मायक्रोसेकंदांत हँडलर पोचलाच पाहिजे. ८ निवडलं तर इंटरप्ट १,४४० होतात आणि सवड मिळते जवळपास ७०० मायक्रोसेकंदांची. मी ८ वर ठेवतो. सहाशे इंटरप्ट वाचवून डेटा गमावण्यात काय हशील?

(पाचच अक्षरं येऊन थांबली तर ती अडकून राहतात का? नाही. चार अक्षरांइतका वेळ काही आलं नाही की चिप आपणहून इंटरप्ट मारते.)

याच पोर्टवर पोलिंगही जमतं. दर मिलिसेकंदाला नेमाने गेलात तर ११-१२ अक्षरं साठलेली असतील आणि १६ मध्ये मावतील. मायक्रोकंट्रोलरवर टायमर असा नेम पाळतो. गर्दीच्या लिनक्स मशीनवर एक मिलिसेकंदाचा दोन कधी होईल याची खात्री नाही, म्हणून तिथे इंटरप्टच.

५. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयआरक्यू (इंटरप्टच्या रेषेचा) नंबर उणे दिसतोय. मदरबोर्ड गेला का?

नाही. ते उपकरण एमएसआय पद्धतीने इंटरप्ट देतंय, म्हणजे वेगळी तार न वापरता ठरलेल्या पत्त्यावर एक संदेश लिहितंय. अशा इंटरप्टांना विंडोज उणे आकडे दाखवतं. काहीही बदलू नका.

६. प्रिंटर पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘इंटरप्ट कधीही वापरू नका’ असा पर्याय आहे. इंटरप्ट बंद करून प्रिंटर कसा चालेल?

व्यवस्थित चालेल. तुर्भ्याच्या एपीएमसीत किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कार्बन कॉपीसाठी अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरताना दिसतात, त्यांच्याकडून हा प्रश्न येतो.

याचं कारण जुनं आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८२५९ ही एकच इंटरप्ट कंट्रोलर चिप होती आणि आठ रेषा होत्या. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये दोन चिपा जोडल्या. दुसरी चिप पहिलीच्या एका रेषेवर लटकत असल्यामुळे कामाच्या रेषा १५ झाल्या. टायमरला ०, कीबोर्डला १, फ्लॉपीला ६, पहिल्या प्रिंटर पोर्टला ७. पुढे साउंड कार्ड आलं, तेही ५ नाहीतर ७ मागायचं. भांडण मिटवायचा सोपा उपाय म्हणजे प्रिंटरने रेषा सोडून द्यायची. प्रिंटर ‘मी कामात आहे’ असं सांगणारी बिझी रेषा वर ठेवतोच, ड्रायव्हर ती बघतो आणि पुढचं अक्षर पाठवतो. सुया कागदावर आपटणाऱ्या यंत्राला त्याहून घाई नसते.

लिनक्समध्येही पॅरलल पोर्टच्या ड्रायव्हरला आयआरक्यू दिला नाही तर तो पोलिंगवर चालतो. सीरियल पोर्टला आयआरक्यू शून्य दिला तर कर्नल (लिनक्सचा गाभा) टायमरने पोल करतो. हा जुना उपाय आजही उपयोगी पडतो. कोणत्या रेषेवर बोर्ड बसलाय ते कळेना तर तात्पुरतं शून्य देऊन बघा. डेटा आला तर पोर्टचा पत्ता बरोबर आहे आणि घोळ फक्त इंटरप्टचा आहे, एवढं तरी पक्कं होतं.

७. दोन कार्डं एकाच आयआरक्यूवर आली आहेत. चालेल का?

कार्डं पीसीआय असतील तर चालेल, जुन्या आयएसए पद्धतीची असतील तर बहुधा नाही. आयएसएची रेषा एज ट्रिगर, म्हणजे रेषा चढताना जो क्षण येतो तोच मोजला जातो. दोघांनी एकदम चढवली तर एकच चढण दिसते. म्हणूनच कॉम१ आणि कॉम३ हे दोन सीरियल पोर्ट आयआरक्यू ४ वर असले की मॉडेम आणि माऊस एकत्र चालायचे नाहीत. पीसीआयची रेषा लेव्हल ट्रिगर आहे. ज्याचं काम बाकी आहे तो ती दाबून धरतो, आणि सगळ्यांचं काम होईपर्यंत ती सुटत नाही.

पण शेअरिंगमध्ये शिस्त लागते. हँडलरने आधी आपल्या उपकरणाचं स्टेटस रजिस्टर वाचायचं. काम आपलं नसेल तर ‘माझं नाही’ असं उत्तर देऊन निघायचं. काही लोक नेहमीच ‘मी हाताळलं’ असं सांगतात. हे वाईट, कारण मग कर्नलला खरा बिघाड कळत नाही.

‘नोबडी केअर्ड’ हा लॉगमधला मेसेज इथूनच येतो. एका रेषेवरच्या एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक कोणीच आपले म्हटले नाहीत तर लिनक्स ती रेषा बंद करतं आणि आयआरक्यूपोल हा पर्याय लावून बूट करायला सुचवतं. तो पर्याय मलमपट्टी आहे. कोणतं कार्ड रेषा दाबून धरतंय ते एकेक काढून शोधा.

८. यूएसबी माऊसच्या माहितीत ‘इंटरप्ट ट्रान्सफर’ लिहिलंय. म्हणजे माऊस इंटरप्ट देतो ना?

नाव फसवं आहे. यूएसबी २.० पर्यंत कोणतंही उपकरण आपणहून बोलू शकत नाही. होस्ट कंट्रोलर ठरावीक अंतराने विचारतो, ‘काही आहे का?’ असेल तर माऊस देतो. साधा माऊस आठ मिलिसेकंदांनी विचारला जातो, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा. उत्तर मिळालं की कंट्रोलर प्रोसेसरला मात्र खराखुरा इंटरप्ट देतो. तारेवर पोलिंग, पीसीच्या आत इंटरप्ट. तुमच्या ड्रायव्हरला फक्त दुसरा भाग दिसतो म्हणून गोंधळ होतो.

९. आमच्याकडे मॉडबसवर २० एनर्जी मीटर आहेत. सगळे वाचायला चार-पाच सेकंद लागतात. पोलिंग काढून इंटरप्ट लावला तर वेग वाढेल का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. मॉडबस आरटीयूमध्ये इंटरप्ट लावायला जागाच नाही. १९७९ मध्ये मोडिकॉनने हा प्रोटोकॉल काढला तेव्हापासून नियम एकच, मास्टर विचारणार आणि स्लेव्ह उत्तर देणार. स्लेव्हने मधेच तोंड उघडायचं नाही. आरएस-४८५ च्या दोन तारांवर सगळे बसलेले असतात, दोघे एकदम बोलले तर कोणाचंच ऐकू येणार नाही.

म्हणून आधी वेळ जातो कुठे ते मोजा. ९६०० बॉड, एका अक्षराला ११ बिट. दहा रजिस्टरं मागायची विनंती ८ बाइटची, उत्तर २५ बाइटचं. तारेवर एकूण ३८ मिलिसेकंद. प्रत्येक फ्रेमनंतर साडेतीन अक्षरांची शांतता, म्हणजे ४ मिलिसेकंद, दोन वेळा. झाले ४६. मीटरचा विचार करायचा वेळ धरून ६० म्हणा. वीस मीटर म्हणजे सव्वा सेकंद. तुमचे चार-पाच होत असतील तर उरलेला वेळ दुसरीकडे जातोय.

रबाळ्याच्या एका कारखान्यात नेमकं हेच होतं. ऑपरेटर म्हणाले, “साहेब, पीसी जुना झालाय, नवा मागवतो.” मी पॅनेल उघडून मीटरच्या तारा पीसीला जोडणाऱ्या यूएसबी कन्व्हर्टरच्या दिव्याकडे बघत बसलो. टपटपटपटप, मग लांब अंधार, परत टपटपटप. प्रत्येक फेरीत अंधार त्याच जागी. चौदा नंबरचा मीटर महिन्यापूर्वी दुरुस्तीला काढला होता, पण सॉफ्टवेअरच्या यादीत तसाच होता. टाइमआउट एक सेकंद, तीनदा प्रयत्न. नसलेल्या मीटरची वाट बघण्यात दर फेरीला तीन सेकंद. यादीतून ओळ काढली आणि चहा घेतला. नवा पीसी मात्र त्यांनी तरीही मागवला.

दुसरी जागा यूएसबी कन्व्हर्टरची. एफटीडीआयच्या चिपमध्ये लेटन्सी टायमर असतो. ६२ बाइट साठेपर्यंत किंवा टायमर संपेपर्यंत चिप डेटा पुढे पाठवत नाही, आणि टायमर मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. २५ बाइटचं उत्तर ६२ कधीच भरत नाही, म्हणून व्यवहारामागे १६ मिलिसेकंदांपर्यंत फुकट, वीस मीटरांना मिळून तीनशेच्या आसपास. विंडोजमध्ये पोर्टच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये आणि लिनक्समध्ये सिस डिरेक्टरीच्या झाडात यूएसबी-सीरियल पोर्टाखाली हा आकडा सापडतो. १ करा.

१०. बटण एकदा दाबलं की काउंट चार-पाचने वाढतो. इंटरप्ट फॉलिंग एजवरच (रेषा खाली येतानाच्या क्षणावर) लावलाय.

तुमचा कोड बरोबर आहे, बटण खोटं बोलतंय. धातूची पट्टी आपटून काही मिलिसेकंद थरथरते आणि प्रत्येक थरथर म्हणजे एक एज. माणसाच्या बोटासाठी इंटरप्टची गरजच नसते. टायमरने दर ५ किंवा १० मिलिसेकंदाला पिन वाचा, सलग तीन-चार वेळा तेच मिळालं तरच खरं माना.

लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे त्याच्या यादीत) दोन्ही सोयी आहेत. ‘जीपीआयओ-कीज’ हा ड्रायव्हर इंटरप्टवर चालतो आणि थरथरीसाठी स्वतःच ५ मिलिसेकंद थांबतो. पिनला इंटरप्ट नसेल, उदाहरणार्थ इंटरप्टची तार न जोडलेल्या, पिना वाढवणाऱ्या एक्सपांडर चिपवर बटण असेल, तर ‘जीपीआयओ-कीज-पोल्ड’ घ्या आणि पोलचं अंतर मिलिसेकंदांत लिहा.

११. हँडलरमध्ये काय करू नये?

प्रिंट, डिले, मेमरी मागणं, लॉकसाठी झोपणं (म्हणजे थांबून राहणं). लिनक्सच्या हँडलरमध्ये झोपलात तर कर्नल लॉगमध्येच ओरडतो. हँडलरने फ्लॅग पुसायचा, डेटा उचलून बफरमध्ये टाकायचा आणि निघायचं. उरलेलं काम नंतरसाठी. लिनक्समध्ये त्यासाठी वर्कक्यू आहे, आणि २.६.३० पासून थ्रेडेड इंटरप्ट (काम वेगळ्या थ्रेडमध्ये होतं, तिथे झोपता येतं). आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवरच्या सेन्सरला थ्रेडेडच लागतो, कारण आयटूसी वाचताना झोपावं लागतं.

आता मुलांना हमखास छळणारी चूक. हँडलर एक १६ बिटांचा काउंटर वाढवतो, मुख्य लूप तो वाचतो. व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतून ताजं वाच, असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावलेलं आहे, तरी कधीतरी एकदम ५११ दिसतो. एटमेगा आठ बिटांचा, तो १६ बिट दोन खेपांत वाचतो. काउंटर २५५ असताना खालचा बाइट वाचला, मिळाले २५५. तेवढ्यात इंटरप्ट आला, काउंटर २५६ झाला. आता वरचा बाइट वाचला, मिळाला १. जोडून झाले ५११, जो आकडा त्या काउंटरमध्ये कधी नव्हताच. वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करा, कॉपी घ्या, पुन्हा चालू करा. व्होलाटाइल इथे वाचवत नाही.

१२. इंटरप्ट हरवू शकतो का?

हो. कुकरच्या चार शिट्ट्या मोजायच्या आहेत आणि मधेच कोणी मिक्सर लावला. मिक्सर बंद झाल्यावर एवढंच कळतं की शिट्टी झाली होती, एक की तीन ते नाही. प्रोसेसरमध्येही तसंच. इंटरप्ट बंद असताना एका रेषेवर कितीही एज आल्या तरी ‘बाकी आहे’ असं सांगणारा बिट एकच असतो.

म्हणून इंटरप्टची संख्या मोजून घटना मोजू नका. हँडलरमध्ये शिरलात की उपकरणात काही उरलं नाही असं दिसेपर्यंत वाचत राहा. आणि एज असेल तर क्रम पाळा, आधी फ्लॅग पुसा, मग डेटा वाचा. उलटं केलंत तर वाचून झाल्यावर आणि पुसण्याआधी आलेली घटना तुम्हीच पुसून टाकता.

१३. माझा प्रश्न उलटा आहे. एका घटनेला हँडलर दोनदा चालतो.

तुम्ही फ्लॅग अगदी शेवटच्या ओळीत पुसत असणार. प्रोसेसरने लिहिलं, पण ते लिखाण राइट बफरमध्ये रेंगाळलं आणि उपकरणापर्यंत पोचायच्या आत हँडलर संपला. रेषा अजून वर, म्हणून पुन्हा प्रवेश. कॉर्टेक्स-एमवर फ्लॅग हँडलरच्या सुरुवातीला पुसा किंवा शेवटी डीएसबी (आधीचं लिखाण पूर्ण होईपर्यंत थांबवणारी) सूचना टाका. पीसीआय कार्डावर लिहिलेलं रजिस्टर एकदा परत वाचा, वाचन हे आधीच्या लिखाणाला पुढे ढकलतं. डीबगरमध्ये एकेक पायरी चालवलं की हा बिघाड गायब होतो, तीच त्याची ओळख.

१४. सर्व्हरवर ट्रॅफिक वाढलं की सगळं गोठतं. प्रोसेसर इंटरप्टमध्येच अडकलेला दिसतो. कार्ड बदलू का?

ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत काम करणारी मुलं हे विचारतात. एक गिगाबिटवर सर्वांत लहान ६४ बाइटच्या फ्रेम पूर्ण वेगाने आल्या तर सेकंदाला १४,८८,०९५ पॅकेट. प्रत्येकाला इंटरप्ट दिला तर प्रोसेसर उठाबशाच काढत राहतो, पॅकेट वरच्या प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही. आत येणारं सगळं घेतलं जातं आणि बाहेर काहीच पडत नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये या लाइव्हलॉकवर शोधनिबंध लिहिला. उपाय असा, की गर्दी झाली की इंटरप्ट बंद करून पोलिंगवर या.

लिनक्समधला नापी हा तोच विचार, तो २.४.२० पासून आहे. पहिलं पॅकेट इंटरप्ट देतं. ड्रायव्हर लगेच त्या रांगेचा इंटरप्ट बंद करतो आणि पोल सुरू करतो, एका खेपेला ६४ पॅकेटपर्यंत. ६४ च्या आत रांग रिकामी झाली तर इंटरप्ट पुन्हा चालू. नाही झाली तर पुढची खेप, अजून इंटरप्ट नाही. ‘इंटरप्ट की पोलिंग’ या प्रश्नाला मला आवडणारं उत्तर हेच, कारण ते गर्दी बघून आपला पवित्रा बदलतं.

तुमच्या हातात काय आहे? ईथटूल या लिनक्सच्या कमांडमध्ये कोलेसिंगचे (इंटरप्ट एकत्र करण्याचे) आकडे असतात. पहिला इंटरप्ट द्यायच्या आधी किती मायक्रोसेकंद थांबायचं ते तिथे ठरतं. वाढवलं की इंटरप्ट घटतात आणि उत्तराला उशीर होतो. बॅकअपच्या सर्व्हरवर वाढवा, आवाजाच्या कॉलवर नको. आणि कार्ड बदलायच्या आधी पुढचं उत्तर बघा.

१५. आठ कोअर आहेत, पण एकच तापलेला दिसतो.

प्रॉक डिरेक्टरीतली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल उघडा. प्रत्येक कोअरचा एक रकाना असतो. दहा सेकंदांनी पुन्हा उघडा आणि कोणते आकडे पळतायत ते बघा. सगळे पहिल्याच रकान्यात पळत असतील तर आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट कोअरांत वाटणारा प्रोग्राम) चालू आहे का तपासा, किंवा त्या आयआरक्यूची अ‍ॅफिनिटी (कोणत्या कोअरवर जायचं ते) हाताने बदला. एमएसआय-एक्स असलेल्या कार्डाला २,०४८ पर्यंत वेगळे इंटरप्ट मिळू शकतात (साध्या एमएसआयला ३२), त्यामुळे रांगेगणिक एक कोअर देता येतो.

१६. डीपीडीके लावल्यापासून एक कोअर कायम १०० टक्के आहे, ट्रॅफिक नसतानाही. बग आहे का?

नाही, तो त्याचा स्वभाव. डीपीडीके कर्नलला वगळून नेटवर्क कार्ड सतत पोल करतं. दहा गिगाबिटवर लहान पॅकेटला मिळतात ६७ नॅनोसेकंद, त्यात इंटरप्टची ये-जा बसत नाही. म्हणून एक कोअर फक्त बघत बसायला वाहून टाकलेला असतो. हे वीज आणि उष्णतेचं बिल आहे, ते मान्य असेल तरच लावा.

१७. सोसायटीच्या टाकीवर बॅटरीचा लेव्हल सेन्सर लावायचाय. तिथे तर इंटरप्टच लागेल ना?

अर्धा. झोपलेला मायक्रोकंट्रोलर मायक्रोअँपिअरमध्ये जगतो आणि जागा असला की मिलिअँपिअर खातो, म्हणून सतत पोलिंग करणारा लूप बॅटरी संपवेल. पण पाणी हळू चढतं. टायमरचा इंटरप्ट दर मिनिटाला उठवेल, उठल्यावर एकदा पोल, मग परत झोप. टाकी भरल्याचा फ्लोट स्विच मात्र थेट इंटरप्टवर घ्या.

घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत असंच केलं होतं आणि पहिल्याच पावसात मध्यरात्री पंप तीनदा बंद पडला. गच्चीवरून खाली येणारी चाळीस मीटरची वायर, फक्त चिपमधला पुलअप (रेषा वर धरून ठेवणारा रेझिस्टर), जंक्शन बॉक्समध्ये ओल. चिपमधला पुलअप २० ते ५० किलोओहमचा, लांब वायरीला तो फारच ढिला. बाहेरून ४.७ किलोओहम लावला, ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पुढे देणारा भाग) घातला, आणि इंटरप्टने फक्त उठायचं, निर्णय प्रश्न १० प्रमाणे चार वाचनांनंतर घ्यायचा असं ठरवलं. बॉक्सला सिलिकॉनही मारलं, तो सॉफ्टवेअरचा भाग नसला तरी.

१८. एन्कोडर वेगाने फिरला की मोजणी चुकते. हँडलर अगदी छोटा आहे. आणखी काय छोटं करू?

काहीच नको, हँडलरच काढा. फेरीला १,०२४ पल्सचा एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) ३,००० आरपीएमला सेकंदाला ५१,२०० पल्स देतो. चारही एज मोजल्या तर २,०४,८००, म्हणजे पाच मायक्रोसेकंदांहून कमी वेळात एक. ७२ मेगाहर्ट्‌झच्या चिपला दर ३५१ सायकलला एक इंटरप्ट. एसटीएम३२ च्या टायमरला एन्कोडर मोड असतो, ए आणि बी रेषा त्याला जोडा, तो परस्पर मोजेल. तुम्ही मिलिसेकंदाला एकदा आकडा वाचा. हार्डवेअर मोजतं आणि ड्रायव्हर पोल करतो, इथे इंटरप्टला कामच उरत नाही. एडीसीचे (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचे) नमुने भराभर घ्यायचे असतील तर डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता डेटा थेट मेमरीत नेणं), विचार तोच.

१९. ड्रायव्हर इंटरप्टवर आहे, तरी कोडमध्ये टाइमआउटचा टायमर दिसतो. काढून टाकला तर चालेल?

काढू नका. इंटरप्ट न येण्याची कारणं वर भरपूर आली आहेत (७, १२), आणि इंटरप्ट आला नाही हे सांगायला इंटरप्ट येत नाही. चांगला ड्रायव्हर टाइमआउट झाल्यावर लगेच उपकरण रिसेट करत नाही, आधी एकदा स्वतः जाऊन बघतो. लिनक्सचा एनव्हीएमई डिस्कचा ड्रायव्हर असंच करतो. ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही तर कम्प्लीशनची (झालेल्या कामांची) रांग वाचतो, आणि काम झालेलं सापडलं तर लॉगमध्ये ‘कम्प्लीशन पोल्ड’ असं लिहून पुढे जातो. हा मेसेज दिसला तर डिस्क बदलायची घाई करू नका. डिस्कने काम केलेलं आहे, निरोप पोचलेला नाही. बायॉस अपडेट, स्लॉट आणि एमएसआयची सेटिंग आधी बघा.